डब्यांच्या तळाशी उरलेल्या पिठांची नानकटाई

तुळशीचं लग्न लागलं की मी एक सकाळ काढून फडताळ आवरायला घेते. फराळ संपलेला असतो, पण त्याचं सामान थोडं थोडं मागे राहतं. लाडवांसाठी आणलेल्या बेसनातलं अर्धी वाटी, शंकरपाळ्यांतून उरलेला मैदा, करंजीसाठी दळलेली पिठीसाखर, पुडीत गुंडाळलेलं अर्धं जायफळ, बरणीच्या कडांना चिकटलेली चमचाभर खसखस. यातला एकही जिन्नस एखाद्या पदार्थाला पुरत नाही. म्हणून ते डबे परत मागे सरकतात आणि होळीला उघडावेत तर पिठात जाळी धरलेली दिसते. हे होऊ नये म्हणून मी त्याच दिवशी नानकटाई करते. ज्यांनी आजवर एकही बिस्किट भाजलेलं नाही त्यांनी सुरुवात नानकटाईपासूनच करावी, असं मी आग्रहाने सांगेन. तिला अंडं लागत नाही, साचा लागत नाही, ओव्हन नसला तरी अडत नाही, आणि चार वेगवेगळी पिठं एकत्र आली तरी ती सांभाळून घेते.

माझ्या लहानपणी साताऱ्यात मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या आधी घरोघरचे डबे बेकरीत जायचे. मैदा, रवा, साखर, तूप आपलं. मळणं आणि भाजणं बेकरीवाल्यांचं. किलोमागे मजुरी ठरलेली असायची. संध्याकाळी पत्र्यावरची गरम नानकटाई त्याच डब्यात भरून घरी यायची, आणि ‘झाकण लावू नका हं, उघडाच न्या’ असं बेकरीतले काका प्रत्येकाला बजावायचे. काही गावांत आणि पेठांत अजूनही अशी नानकटाई करून देतात. प्रत्येक घरचा डबा वेगळा असे. कुणाचा रवा जास्त, कुणाची कणीक, कुणाचं म्हशीचं तूप, कुणाचा डालडा. काका मात्र तराजूवर दोनच गोष्टी बघायचे: कोरडं पीठ एकूण किती आणि तूप किती. उरलेल्या सामानातून बिस्किटं करायची तर हेच धरून चालायचं. जिन्नस हवे तसे बदला, पण तूप, साखर आणि पीठ यांचं आपसातलं प्रमाण मोडू नका.

आधी डबे हुंगा

उरलेलं आणि खराब झालेलं यांत फरक आहे, आणि तो भाजून पुसला जात नाही. मी प्रत्येक डबा नाकाशी धरते. खोबरं, शेंगदाणे, काजू, अक्रोड, तीळ यांत तेल असतं, म्हणून ते सगळ्यांत आधी खवट होतात. एक दाणा चावून बघा. कणीक आणि बाजरीचं पीठही जुनं झालं की कडसर लागतं. खवट खोबऱ्याचा एक चमचा सगळी नानकटाई वाया घालवतो. पिठात जाळी, अळी किंवा गुठळ्या दिसल्या तर चाळून वापरायचा मोह टाळा, ते टाकूनच द्या. तळणीतून उरलेलं तूपही इथे चालणार नाही, त्याला चकलीचा वास धरलेला असतो.

बेकिंग पावडरची डबी बहुतेक घरांत वर्षानुवर्षं पडलेली असते. चमचाभर गरम पाण्यात चिमूटभर टाका. लगेच फसफसली तर ठीक, गप्प राहिली तर टाकून द्या. खाण्याचा सोडा असाच लिंबाच्या रसात टाकून बघता येतो.

हे प्रमाण लिहून ठेवा

पंधरा-सोळा नानकटाईंसाठी:

थिजलेलं साजूक तूप १०० ग्रॅम
पिठीसाखर ८० ग्रॅम
सगळी कोरडी पिठं मिळून १८० ग्रॅम
बेकिंग पावडर पाव छोटा चमचा
मीठ एक चिमूट
वेलची किंवा जायफळ, आवडीप्रमाणे

पिठांत माझी आवडती वाटणी अशी: मैदा १२० ग्रॅम, बेसन ४०, बारीक रवा २०. काटा नसेल तर २०० मिलिलिटर पाणी मावेल अशी वाटी घ्या. तूप अर्धी वाटी शीग लावून, पिठीसाखर पाऊण वाटीला थोडी कमी, मैदा एक वाटी, बेसन अर्ध्या वाटीला थोडं कमी, रवा दोन मोठे चमचे. तरीही जमलं तर छोटा काटा घ्याच. दाबून भरलेल्या आणि हलक्या हाताने भरलेल्या वाटीत मैद्याचं वजन बरंच बदलतं, आणि नवख्या हाताची पहिली चूक तिथेच होते.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. तिकडे ‘सेल्फ रेझिंग’ नावाचं पीठ मिळतं. त्यात बेकिंग पावडर आधीच घातलेली असते, त्यामुळे ते वापरलंत तर वरून घालू नका.

तुपावर सगळं अवलंबून आहे

नानकटाईत पाणी घालत नाहीत. मैद्याला पाणी लागलं आणि हात चालला की त्यात चिवटपणा येतो. पोळीला तो हवा असतो, इथे नको असतो. साजूक तुपात पाणी जवळपास नसतंच. ते पिठाच्या कणाकणाला लेपून बसतं आणि चिवटपणा धरू देत नाही, म्हणून नानकटाई तोंडात विरघळते. लोण्यात किंवा बटरमध्ये पाण्याचा अंश असतो, त्यामुळे त्याची बिस्किटं जरा टणक, कुरकुरीत होतात. तीही छान लागतात, फक्त ती नानकटाई नव्हे. मीठ घातलेलं बटर वापरलं तर वेगळं मीठ घालू नका.

तूप थिजलेलं, रवाळ हवं. वितळलेलं तूप घातलं की गोळे पत्र्यावर पसरून पापड होतात. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात तूप बरणीतच पातळ असतं. अशा वेळी ते परातीत काढून पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बोट दाबल्यावर खड्डा पडावा, पण बोट आत बुडू नये, इतपत घट्ट झालं की बाहेर काढा.

आता तळहाताने तूप फेसायला घ्या. परातीच्या मधोमध तूप, आणि तळहाताच्या मांसल भागाने गोल गोल घासत जायचं. पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. रवाळ कण हाताला लागत राहतात. मग ते मोडतात, पिवळा रंग फिकट होत जातो आणि तूप परातीला चिकटून न राहता हाताबरोबर फिरायला लागतं. पाच-सहा मिनिटांनी ते पांढुरकं, मलईसारखं दिसतं. तेव्हा चाळलेली पिठीसाखर दोनदा-तीनदा करून घाला आणि आणखी तीन मिनिटं फेसा. या फेसण्यात जी हवा कोंडली जाते तीच भट्टीत गरम होऊन नानकटाई फुलवते, बेकिंग पावडर फक्त मदतीला असते. हे काम इलेक्ट्रिक बीटरने दोन मिनिटांत होतं, पण पहिल्या वेळी हातानेच करा. तूप कधी तयार झालं हे तळहाताला एकदा समजलं की मग पुढे कुठलंही यंत्र वापरा.

बेसन कच्चं घालू नका. मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडंच, खमंग वास सुटेपर्यंत भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण. एकदा पाहुणे यायच्या घाईत मी कोमट बेसन घातलं आणि माझ्या डोळ्यांदेखत फेसलेलं तूप परातीत वितळलं. ते पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवूनही पहिल्यासारखं झालं नाही.

मळू नका, गोळा करा

सगळी पिठं, बेकिंग पावडर, मीठ, वेलची एकत्र करून दोनदा चाळा. रवा चाळणीत अडकला तर वरून घाला. हे मिश्रण फेसलेल्या तुपात घालून बोटांच्या टोकांनी हलकेच एकत्र करा. पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही.

पीठ झालं का, हे बघायला आपल्याकडे चांगली खूण आहे. करंजीच्या किंवा शंकरपाळ्यांच्या पिठात मोहन पुरेसं पडलं का हे बघताना आपण मूठ दाबतो ना, तसंच इथे करा. मुटका वळला, आणि बोटाने टिचकी मारल्यावर दोन-तीन तुकडे होऊन फुटला, तर पीठ बरोबर. मुटका वळतच नसेल, पीठ भगराळ असेल, तर एक छोटा चमचा तूप घाला. तेही एकदम नाही. मुटका हाताला तेलकट लागत असेल आणि टिचकीने चेपत असेल, तर एक-दोन चमचे मैदा घाला. वेगवेगळी उरलेली पिठं वापरताना आकड्यांपेक्षा ही मूठच तुम्हाला वाचवेल, कारण प्रत्येक पीठ तूप वेगळं पितं.

पीठ झाकून वीस मिनिटं थंड जागी ठेवा. रवा असेल तर तो या वेळात मऊ होतो. मग लिंबाएवढे गोळे करा, साधारण २२-२३ ग्रॅमचे. तळव्यांत हलके दाबून वरून किंचित चपटे करा आणि मध्ये चारोळी किंवा पिस्त्याचा काप रोवा. दोन गोळ्यांत दोन बोटांचं अंतर ठेवा.

मुलं आजूबाजूला असली तर त्यांना कच्चं पीठ चाटू देऊ नका. अंडं नाही म्हणून ते निर्धोक आहे असा समज असतो, पण कच्च्या मैद्यातही पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

आधी एकच भाजा

सगळा पत्रा भट्टीत सारण्याआधी एकच गोळा भाजून बघा. ही वानगी वीस-पंचवीस मिनिटं घेते आणि बाकीचे पंधरा गोळे वाचवते. तो पसरला तर उरलेल्या पिठात मैदा घाला किंवा गोळे फ्रिजमध्ये ठेवा. फुटून विखुरला तर थोडं तूप घाला. जेमतेम फुलला आणि वर बारीक भेगा पडल्या, तर अगदी मनासारखं झालं. नानकटाईला भेगा हव्यातच.

ओटीजी (विजेवर चालणारा छोटा ओव्हन) असेल तर १६० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा, पत्रा मधल्या खाचेत ठेवा आणि १८ ते २२ मिनिटं भाजा. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा खेळवून भाजायची, सोय असेल तरच तो वापरा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये नानकटाई भाजली जात नाही, नुसती गरम होते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई किंवा पातेलं घ्या. नॉनस्टिक नको, रिकामं तापवलं की त्याचा थर खराब होतो. कोरडा कुकर तापवायलाही मी सांगणार नाही. कढईच्या तळाशी वाटी-दीड वाटी जाडं मीठ पसरा, त्यावर कुकरमधली जाळी किंवा एखादी उपडी वाटी ठेवा, आणि जड झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. तूप लावलेल्या ताटलीत गोळे मांडा. ताटली आणि कढईची कड यांत बोटभर जागा राहू द्या, म्हणजे गरम हवा वरपर्यंत पोहोचेल. ताटली सांडशीने आत ठेवा, आच मंद करा, झाकण घट्ट बसवा. वीस मिनिटं झाकण उघडू नका, नंतर बघा. साधारण २५ मिनिटं लागतात. खालची बाजू करपते आहे असं वाटलं तर ताटलीखाली अजून एक ताटली सरकवा. कढईतली नानकटाई वरून पांढरीच राहते, ती लाल व्हायची वाट बघू नका. ते मीठ गार झालं की बरणीत भरून पुढच्या वेळेसाठी ठेवा, स्वयंपाकात वापरू नका.

झाली का, हे वरून कळत नाही. एक उचलून तिचं बूड बघा. ते फिकट बदामी असलं की झाली. या वेळी ती बोटाला मऊ लागते, आणि नवख्या माणसाला वाटतं की कच्चीच आहे. मग तो आणखी दहा मिनिटं भाजतो आणि दगड हाती येतात. गरम तूप पातळ असतं म्हणून ती मऊ लागते. गार होताना ते थिजतं आणि नानकटाई घट्ट होते. पत्र्यावरच दहा मिनिटं राहू द्या, हात लावू नका, लावलात तर मोडेल. मग जाळीवर काढा. डबा उघडा न्या, असं बेकरीतले काका सांगायचे ते याचसाठी. गरम नानकटाईवर झाकण पडलं की वाफ आत कोंडते आणि सकाळपर्यंत ती वातड होते.

तुमच्या डब्यांत दुसरंच काही असेल तर

मैदा नसेल आणि सगळी कणीकच असेल, तरी होते. कणकेतला कोंडा तूप जास्त ओढतो म्हणून एखादा चमचा तूप वाढवा. रंग तपकिरी आणि चव जरा रांगडी येते. चहाबरोबर मला हीच जास्त आवडते. नाचणीचं पीठ निम्म्यापर्यंत घाला, त्यापुढे नानकटाई हातात धरताच भुगा होते. ते आधी दोन मिनिटं भाजून घ्या. नाचणीचा रंग मुळातच गडद, त्यामुळे बूड बघून अंदाज येत नाही, वासावर लक्ष ठेवा आणि पहिल्या वानगीची वेळ लिहून ठेवा. तांदळाचं पीठ दोन चमचे घातलं तर कुरकुरीतपणा येतो, जास्त झालं तर दातांत कचकचतं. तळाशी उरलेले ओट्स किंवा कॉर्नफ्लेक्स चुरून पिठाच्या पाव भागापर्यंत चालतात.

शेंगदाण्याचा कूट वापरणार असाल तर हिशोब बदलतो, कारण शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. ४० ग्रॅम कूट घातला तर तूप एक मोठा चमचा कमी करा. खोबऱ्याचा कीस तीन-चार चमचे कोरडा भाजून, तितकंच पीठ कमी करून घाला.

साखरेचंही तसंच. देवाच्या प्रसादाची खडीसाखर, बत्तासे, संक्रांतीचा उरलेला हलवा हे सगळं मिक्सरमध्ये दळून पिठीसाखरेच्या जागी चालतं. जाड साखर तशीच घालू नका, ती विरघळत नाही आणि नानकटाई पसरते. गुळाची पावडर चालते, पण गुळात ओल असते आणि तो लवकर करपतो. तेव्हा आच १५० अंशांवर आणा आणि बिस्किट जरा मऊ होईल हे गृहीत धरा.

सगळ्यांत सोपं काम करंजीच्या सारणाचं आणि बेसनाच्या लाडवांचं. सारणात साखर, खोबरं, रवा सगळं आहेच. वाटीभर उरलं असेल तर निम्मं साखरेत आणि निम्मं पिठात मोजा. बेसनाचा लाडू म्हणजे तर तूप, साखर आणि भाजलेलं बेसन. शेवटचे चार लाडू कुणी खात नसेल तर ते हाताने मोडा, त्यात ६० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे थिजलेलं तूप आणि चिमूटभर बेकिंग पावडर घालून हलकेच एकत्र करा. मुटका बघा, गोळे करा, भाजा. घरात आधी खात्री नसते कुणाला, पण यांचा वास सुटला की सगळे स्वयंपाकघरात येऊन उभे राहतात.

भाजणीची खारी बिस्किटं

चकलीची भाजणी उरते तिचं काय, हा प्रश्न मला दरवर्षी पडायचा. थालीपीठ होतं, पण रोज किती करणार? आता मी खारी बिस्किटं करते. भाजणी १०० ग्रॅम, मैदा किंवा कणीक ८० ग्रॅम, थिजलेलं तूप किंवा बटर ७० ग्रॅम, साखर एक छोटा चमचा, मीठ, ओवा, तीळ, लाल तिखट आणि चिमूटभर सोडा. इथे तूप पिठाला चोळून घ्यायचं, फेसायचं नाही. मग दोन-तीन चमचे आंबट दही घालून गोळा बांधा. साखरेचा भार नसल्याने हे पीठ दह्याशिवाय धरत नाही, आणि दह्याच्या आंबटपणाने सोड्याचंही काम होतं. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून काट्याने टोचे मारा, शंकरपाळ्यांच्या कातणीने चौकोन कापा आणि १७० अंशांवर १८ ते २० मिनिटं भाजा. भाजणीत धने-जिरे भाजूनच दळलेले असतात, त्यामुळे मसाला वेगळा घालायची गरज पडत नाही.

ठेवायची कशी

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. साध्या तुपाची नानकटाई दोन आठवडे छान राहते. खोबरं, कूट किंवा बटर घातलेली आठवड्याभरात संपवा. पावसाळ्यात सादळली तर १५० अंशांवर पाच मिनिटं परत गरम करून गार होऊ द्या, पुन्हा खुसखुशीत होते. गोड आणि खारी एका डब्यात ठेवू नका, दोन दिवसांत वेलचीला ओव्याचा वास लागतो. डब्याच्या तळाशी चुरा साठतो. तो खवट वास येण्याआधी छोट्या बरणीत काढून ठेवा आणि पुढच्या वेळी पीठ मोजताना त्यातलेच दोन चमचे धरा.